डक्टमधून गेलेलं प्रवचन

“नरकात जाशील!” हे शब्द माझेच आहेत. ते मी मोठ्यानं उच्चारले आणि एकदा नाही, चांगले घोळवून घोळवून उच्चारले.

हे आधीच कबूल केलेलं बरं. दोह्यातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये आणि तिकडे वसईत आमच्या अख्ख्या आळीत समज असा आहे, की आंतोनमास्तरांनी (म्हणजे मी) सुनेला नरकात घातलं, सुनेनं उलट सासऱ्याची तक्रार थेट शाळेत नेली आणि तरीही मास्तरांनी मोठ्या मनानं तिला माफ केलं. यातलं पहिलं अर्धवट खरं आहे. दुसरं साफ खोटं आहे. आणि तिसरं... तिसऱ्यासाठीच लिहायला बसलोय.

मी वसईकडच्या एका मराठी शाळेत आयुष्यभर इंग्रजी शिकवलं. बायको गेल्यावर मुलगा विल्यम म्हणाला, “पपा, तिथं एकटे काय करताय? इकडे या.” म्हणून दोह्याच्या बिन महमूद भागातल्या त्याच्या फ्लॅटमध्ये येऊन राहिलो. विल्यम वेस्ट बे भागातल्या एका कंपनीत इंजिनियर. सून जेनी इथल्या एका अमेरिकन पद्धतीच्या हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवते. म्हणजे घरात इंग्रजीचे मास्तर दोन. (एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात. राहतात. एक गंजलेली असली की राहतात.)

यंदा जेनीला अकरावीचा वर्ग मिळाला आणि विषय मिळाला सुरुवातीचं अमेरिकन साहित्य. मला वाटलं, अमेरिकन म्हणजे घोडे, टोप्या, बंदुका असणार. निघाले पाद्री! इंग्लंडहून बोटीत बसून आलेली कडक सोवळी माणसं, त्यांच्या रोजनिश्या आणि त्यांची प्रवचनं. एकेक प्रवचन दोन-दोन तासांचं! आम्ही कॅथलिक, आमचे फादर वीस मिनिटांच्या वर गेले की लोक घड्याळाकडे बघतात.

“पपा, मुलं झोपतात हो,” जेनी जेवताना म्हणाली. “वाचायला दिलं की माना खाली. आणि पुढच्या आठवड्यात हेड सर मागे बसून माझा तास बघणार आहेत.”

“बघू देत की.”

“माझं प्रोबेशन संपतंय. हा तास बरा झाला तर कायम करतील. नाही झाला तर खलास.”

विल्यमनं ताटातून मान वर केली नाही, पण त्याचा घास हातातच राहिला. फ्लॅटचं भाडं दोघांच्या पगारावर चाललं होतं, हे मलाही माहीत होतं.

मग जेनी म्हणाली, “पपा, तुम्ही चर्चमध्ये वाचन करायचात ना? तुमचा आवाज भारदस्त आहे. यातलं एक पान मोबाइलवर रेकॉर्ड करून द्याल? आधी ते नुसतं कानावर पडू दे. मुलं घाबरली पाहिजेत.”

निवृत्त मास्तराला कुणी काम सांगितलं, की त्याच्या अंगात काय संचारतं ते निवृत्त मास्तरालाच माहीत! मी पान घेतलं आणि चष्मा पुसला.

आता इथं माझी पद्धत सांगितली पाहिजे, कारण सगळा घोटाळा त्या पद्धतीनं केला. मी इंग्रजी शिकवलं ते असं: आधी मराठीत अर्थ, मग इंग्रजी. ‘आय गो म्हणजे मी जातो.’ हजारो पोरांना मी असाच ‘जातो’ करून पाठवलं. खरं सांगायचं तर मलासुद्धा इंग्रजीतला राग मराठीतून गेल्याशिवाय येत नाही. (हे वाक्य माझ्या जुन्या विद्यार्थ्यांनी वाचू नये.) तेव्हा ठरवलं, हे प्रवचन आधी मराठीत म्हणायचं, त्यात जीव ओतायचा आणि तोच जीव मग इंग्रजीत न्यायचा.

त्या पाद्रीबुवांनी आपल्या अख्ख्या वस्तीला ‘मुली’ म्हणून हाक मारली होती. समुद्रापलीकडून आलेली वसाहत ही जणू लेक, आणि लेक आळशी झालीय, असा एकूण सूर. आता ‘मुली’ला मराठीत काय म्हणायचं? ‘हे कन्ये’ म्हटलं तर नाटक वाटतं. मला सुचलं ते ‘अगं पोरी’. सुचणारच! जेनीला मी लग्न झाल्यापासून ‘पोरी’च म्हणतो.

शिवाय इंग्रजीत ‘यू’ म्हटलं की काम भागतं. बाई, बुवा, गाव, देश, सगळे त्यात मावतात. मराठीत मात्र क्रियापद उघडं पडतं. आलीस! विसरलीस! झोपलीस!

सराव कुठं करायचा? हॉलमध्ये विल्यमच्या ऑफिसचे कॉल चाललेले. आतल्या खोलीत जेनी कानांत इअरफोन घालून वह्या तपासत होती. राहिलं बाथरूम. तिथं आवाज कसा घुमतो! आरशासमोर उभा राहिलो, हात वर केला आणि सुरुवात केली:

“अगं पोरी! समुद्र ओलांडून आलीस! इथं आल्यावर पोट भरलं, अंग धरलंस, आणि ज्यानं तुला आणलं त्यालाच विसरलीस! तुझ्या दिव्यात तेल नाही! तुझी चूल थंड! सूर्य डोक्यावर आला तरी तू अंथरुणात! ऊठ! नाहीतर नरकात जाशील!”

शेवटचं वाक्य जमेना. पहिल्यांदा ते फारच प्रेमळ आलं. म्हणून परत घेतलं. परत घेतलं. शेवटी असं जमलं, की आरशातल्या मला माझीच भीती वाटली.

आमच्या बिल्डिंगमध्ये सगळी बाथरूमं हवा जाण्याच्या एकाच डक्टला जोडलेली आहेत, ही माहिती मला कुणी दिली नव्हती.

खालच्या मजल्यावर हमीदाबी राहतात. रत्नागिरीकडच्या. मायाळू बाई, माझी त्यांची ओळख तांदळाच्या सांदणांवरून झाली. (सांदणं आमची की त्यांची, यावर आमचं भांडण आहे, पण ते गोड भांडण.) दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये त्या जेनीला भेटल्या. जेनीनं संध्याकाळी सांगितलं, “पपा, हमीदाबींनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, ‘सोस हो बाय. म्हातारी माणसं असतात अशी. पण चूल तेवढी पेटवत जा, पार्सल कमी कर.’ असं का म्हणाल्या असतील?”

“पार्सलं खरंच जास्त होतात,” मी म्हणालो. माझ्या काही ध्यानात आलं नाही!

बिल्डिंगमध्ये वसईची दोन कुटुंबं आहेत. एवढं पुरतं. दोन दिवसांत माझ्या बहिणीचा, तेरेजाचा, वसईहून फोन.

“आंतोन, काय ऐकतेय मी? सून उन्हं वर येईपर्यंत झोपते? देवासमोर दिवापण लावत नाही?”

“कोण म्हणतं?”

“तूच म्हणतोस! कतारभर ओरडून म्हणतोस!”

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. खुलासा करायला मी तोंड उघडलं. पण खुलासा काय करणार? ‘अगं, मी इंग्रजी वाचायच्या आधी ते मराठीत पाठ करत होतो’? माझे विद्यार्थी आखातभर पसरलेत. ते म्हणाले असते, मास्तरांना अजून इंग्रजी मराठीतूनच कळतं!

“नंतर बोलू. रेंज नाही,” असं सांगून मी फोन ठेवला. दोह्यात एवढी रेंज आहे, की वाळवंटातल्या उंटालाही फोन यावा.

इकडे मी इंग्रजी रेकॉर्डिंगही केलं. ते फार छान झालं होतं. होतं म्हणतो, कारण ते आजतागायत माझ्याशिवाय कुणी ऐकलेलं नाही. सरावाचं मराठीही मी मोबाइलवर घेतलं होतं, भाव तपासायला. दोन्ही क्लिपा एकाखाली एक. नवी वर असते की खाली, यावर माझा आणि मोबाइलचा जुना मतभेद आहे. मी वरची पाठवली.

“पपा, एकदा ऐकून पाहू का?” तासाच्या दिवशी सकाळी बूट घालता घालता जेनीनं विचारलं.

“मी तपासलंय, पोरी. डोळे झाकून लाव.”

विल्यम खालून हॉर्न वाजवत होता. “यल्ला, जेनी! चल लवकर!” ती गेली.

पुढचं जेनीनं सांगितलेलं आहे. वर्गात वीसेक मुलं, दहा-बारा देशांची. शेवटच्या बाकावर हेड सर, हाताची घडी घालून. जेनी म्हणाली, “डोळे मिटा. लाकडी प्रार्थनाघर आहे. बाहेर बर्फ आहे. आता पाद्री बोलतोय.” आणि तिनं बटण दाबलं.

“अगं पोरी! समुद्र ओलांडून आलीस!”

वर्गानं डोळे उघडले. हेड सरांनी घडी सोडली. बटण बंद करावं तर जेनीचा हात चालेना. माझा आवाज थेट ‘नरकात जाशील’पर्यंत भिंतींवर आदळत राहिला.

तेवढ्यात एक मुलगी उभी राहिली. सना. हमीदाबींचीच लेक! घरी मराठी ऐकते, उत्तर मात्र इंग्रजीत देते. डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, “मिस, आय नो धिस व्हॉइस. आर यू ओके ॲट होम?”

हेड सर उठून उभे राहिले.

माझी नोकरी पणाला लागली असती तर मी त्या क्षणी बेशुद्ध पडलो असतो. जेनी पडली नाही. तिनं विचारलं, “सना, पाद्री काय म्हणाला? एकेक ओळ सगळ्यांना इंग्रजीत सांग.”

सनानं एकेक ओळ सांगितली. समुद्र ओलांडून आलीस. पोट भरलं. विसरलीस. ज्या पानावर मुलांच्या माना पडायच्या, तेच पान आता मुलं पुढं ओढून ओळ न् ओळ ताडून बघायला लागली.

“ही पोरगी कोण?” जेनीनं विचारलं.

“यू, मिस,” सना म्हणाली.

“पानात बघा. कोण?”

मागून एक मुलगा म्हणाला, अख्खी वस्ती. एक मुलगी म्हणाली, बोटीतून आलेले सगळे. मग कुणीतरी हळूच म्हणालं, माझे डॅड इथं आल्यापासून गावी फोन करत नाहीत, आजी त्यांना हेच म्हणते. त्यावर मुलं हसली आणि मग हसायची थांबली. तास संपल्याची घंटा झाली तरी कुणी उठेना. हेड सर परत कधी बसले, ते जेनीला आठवत नाही.

जेनीला त्यांनी कायम केलं. फक्त दाराशी थांबून हळू आवाजात विचारलं, “घरी सगळं ठीक आहे ना?”

गोष्ट इथं संपायला हरकत नव्हती. पण सनानं घरी जाऊन खरं ते सांगितलं, की मिसनी सासऱ्यांचा आवाज वर्गात लावला, हेड सरपण होते. हमीदाबींनी त्याचा अर्थ लावला तो असा: सुनेनं पुरावा गोळा केलान् आणि कंप्लेंट केलीन्!

संध्याकाळी त्या सांदणं घेऊन माझ्याकडे आल्या. “मास्तर, पदरात घ्या तिला. तरणी पोर हाय, चूक होते.”

मी सांदणं घेतली.

रात्री तेरेजाचा फोन. “आंतोन, शाळेत तक्रार केली म्हणे तिनं! आणि तू एका शब्दानं बोलला नाहीस? केवढं रे तुझं मन!”

आणि मी, आयुष्यभर पोरांना ‘खरे बोलावे’ या विषयावर निबंध घालणारा मी, काय म्हणालो? म्हणालो, “जाऊ दे गं. लेकरू आहे.”

वळून बघतो तर स्वयंपाकघराच्या दारात जेनी. हातात माशाच्या कालवणाचं भांडं. तिनं सगळं ऐकलं होतं. जेवताना फक्त एवढंच म्हणाली, “पपा, मीठ बरोबर आहे ना?”

बरोबर होतं.

शुक्रवारी (इथं सुट्टी शुक्रवारची) चर्चमध्ये मिस्सा संपल्यावर वसईच्या एका बाईनं तिला सगळ्यांसमोर विचारलं, “सासऱ्यांची माफी मागितलीस ना गं?” मी शेजारीच होतो. जेनीनं माझ्याकडे पाहिलं, थोडा वेळ दिला. मी बुटाची नाडी बांधायला वाकलो. (माझ्या बुटाला नाडी नाही.)

“मागितली,” जेनी म्हणाली.

त्या दिवसापासून मला झोप नाही. म्हणून आता सरळ लिहून काढलं आहे. माफी तिनं मागायची नव्हती, मी मागायची होती. ती चूल पेटवते, सकाळी माझ्या आधी उठते, आणि तिचा तास मी जवळजवळ बुडवला होता. तो तिनं एकटीनं तारला. हे तेरेजाला पाठवणार, वसईच्या आळीला पाठवणार आणि हमीदाबींना स्वतः वाचून दाखवणार आहे.

वाचून दाखवायचं म्हणजे सराव हवा. हॉलमध्ये विल्यमचे कॉल चाललेत, आतल्या खोलीत जेनी वह्या तपासतेय. मी बाथरूममध्ये गेलो, आरशासमोर उभा राहिलो आणि पहिल्या ओळी खणखणीत वाचल्या: “नरकात जाशील! हे शब्द माझेच आहेत. ते मी मोठ्यानं उच्चारले आणि एकदा नाही...”

श्वास घ्यायला थांबलो, तर डक्टमधून आवाज आला:

“अल्ला! सना, इकडे ये गो! परत सुरू केलान् मास्तरांनी!”