गोठ्यात मुलगा झाला

लग्न होऊन आजऱ्याहून कोल्हापुरात आले, त्याच वर्षी आमच्या गोठ्यातली म्हैस व्याली आणि मी साऱ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगितलं, "मुलगा झाला!" वाटी घेऊन साखरही वाटायला निघाले. माझ्या माहेरी भात आणि काजू, दारात जनावर म्हणाल तर एक बैलजोडी. मला काय ठाऊक? शेजारणी पदर तोंडाला लावून हसल्या. सासूबाईंना मी आत्ती म्हणते. त्या म्हणाल्या, "साखर ठेव आत. रेडा हाय त्यो. रेडी झाली असती तर आमीच वाटली असती." पोरगी झाल्यावर आनंद करणारी या गल्लीत एकच जागा होती, म्हशीचा गोठा, हे मला त्या दिवशी कळलं.

ते रेडकू महिनाभरही जगलं नाही. त्याला कुणी मारलं नाही, हे आधीच सांगते. म्हशीनं पान्हा सोडावा म्हणून त्याला कासेला लावायचे, दूध उतरलं की दाव्यानं ओढून बाजूला बांधायचे. बाकी सगळं बादलीत. ते आईकडं बघत उभं राहायचं, पुढं पुढं बसूनच राहायला लागलं, आणि एका सकाळी उठलंच नाही. कुणी विचारलं की घरात एकच उत्तर, "टिकलं न्हाय." जशी काही टिकायची जबाबदारी त्याची एकट्याची होती. रेड्या मात्र आमच्याकडं बऱ्या टिकायच्या.

मी काही साध्वी नव्हे. रविवारी मटण नसलं तर आमच्या घरात सुतक असल्यासारखं वाटायचं, आणि पांढऱ्या रश्श्याची दुसरी वाटी मागणाऱ्यांत मी पहिली. पण डोळे मिटून किती दिवस राहणार? गोठा धुतला की शेणाचं पाणी गटारातनं थेट पंचगंगेत. उन्हाळ्यात बंधाऱ्यापाशी मासे पोट वर करून तरंगायचे आणि आम्हीच नाक दाबून दुसऱ्यांच्या नावानं बोटं मोडायचो. म्हशींना हिरवं पाहिजे म्हणून रानात मका, मक्याला पाणी, पाण्यासाठी बोअर आणखी खोल. आणि हे सगळं कशासाठी, तर पाणी मागितलं तरी चहा देणाऱ्या घरात दिवसभर दुधाचा चहा उकळावा म्हणून. माझं डोकं फिरायचं.

गेल्या वर्षी आमची सगळ्यात चांगली म्हैस व्याली. रेडाच झाला. सासऱ्यांना मी मामा म्हणते. ते बादली घेऊन आले तेव्हा मी म्हशीच्या आणि त्यांच्या मध्ये उभी राहिले.

"मामा, चारातले दोन सड ह्याला सोडायचे. आणि चीक गल्लीत वाटायचा नाही. पहिलं दूध आहे ते, त्याचंच आहे."

नवरा म्हणाला, "येड लागलंय काय? मग गिऱ्हाइकाला काय पानी घालू?"

"घरातलं कमी करू. चहा कोरा प्यायचा. मटण महिन्यातनं एकदा, तेवढेच पैसे वाचतील. मी तर आजपासनंच सुरू केलंय."

आत्ती पेटल्याच. "दुधाच्या घरात कोरा चा? पावणं आल्यावर कुठलं तोंड दाखवायचं आमी?"

मी आवाज चढू दिला नाही. "ते मेल्यावर काय सांगायचं, ते ठरवा आधी."

मामा नेहमीच्या सवयीनं बोलून गेले, "काय सांगायचं? टिकलं न्हाय म्हनायचं."

 आत्ती मामांकडं न बघता म्हणाल्या, "माझ्या दोगी पोरींचंबी असंच सांगितलासा."

माझ्या नवऱ्याच्या आधी झालेल्या दोन मुली लहानपणीच गेल्या होत्या, एवढंच मला माहीत होतं. आजारी होत्या, दवाखाना लांब होता, असं काहीबाही कानावर आलेलं. त्याच्या पुढं कधी कुणी बोललं नव्हतं. आत्तींनी मामांच्या हातातनं दावं काढून घेतलं आणि रेडकाला कासेला सोडलं. ते ढुशा मारत पीत राहिलं आणि मामा रिकामी बादली घेऊन बाहेर जाऊन बसले.

रेडकू जगलं. कोडोलीचे पावणे आले तेव्हा आत्तींनी स्वतः कोऱ्या चहाचे कप पुढं केले आणि म्हणाल्या, "दूध लेकराला ठेवलंय." पावण्यांनी लेकरू कुठं दिसतंय का म्हणून घरभर नजर फिरवली. मी स्वयंपाकघरात जाऊन पोट धरून हसले.

पण रेडकू वाढतं, हे मी कुठं धरलं होतं? वर्षभरात तो दावं तोडायला लागला. एक व्यापारी येऊन त्याच्या पाठीवर हात फिरवून गेला. काय बघत होता ते सांगायला नको. मी त्या व्यापाऱ्याला दारातनं हाकललं, तसा नवरा म्हणाला, "ह्याला ठिवलंस. म्होरल्या वेताला आनि रेडा झाला तर? किती रेडं बांधणार हाईस?"

त्याचं खरं होतं, म्हणून तर मला जास्त राग आला. एकाला वाचवून मी मिरवत होते आणि दूध प्यायचं म्हणजे दरवर्षी कुणीतरी जन्माला घालायचं, हे सोयीनं विसरत होते. दोन दिवस गेले. मग सांगितलं, "असलेल्या म्हशी मरेपर्यंत सांभाळायच्या. नवीन वेत नको, कुठलीच म्हैस परत गाभण ठेवायची नाही."

परवा सकाळी तीच म्हैस माजावर आली. हंबरून गोठा डोक्यावर घेतला तिनं. रेतन करायला गुरांच्या डॉक्टरला बोलवावं म्हणून नवऱ्यानं फोन काढला. आत्ता गाभण राहिली तर पुढं दूध, नाही तर ती आटणार आणि काही घरांचा रतीब आम्हाला तोडावा लागणार.

"शेवटचं इचारतो. बोलवू का नको?"

मी "नको" म्हणाले. तो मामांकडं वळला. मामा आत्तींकडं बघत राहिले. आत्ती पेंड भिजवत होत्या.

"ठेव त्यो फोन," त्या म्हणाल्या. "परत रेडा झाला तर त्याला जगवायची ताकद न्हाय माझ्यात. आनि मरताना बघायची तर त्याहून न्हाय."

नवऱ्यानं फोन खिशात घातला. मी चपला घातल्या आणि पहिला रतीब तोडायला स्वतःच निघाले.