गंजाचं पाणी

धारहून आमची आत्या आली की घरातली मराठी ताठ बसते. तिच्या मते ही भाषा धारच्या दरबारात वाढली आणि आमच्या देवासला पोहोचेपर्यंत आजारी पडली. माझी मुलगी हिंदी शाळेतून शिकून डॉक्टर झाली. आत्याच्या लेखी ती अजून निरक्षरच.

त्या दुपारी धाकटा भाऊ कारखान्यातून लवकर परतला. कोपरापर्यंत हात लालसर.

"काही नाही आत्या, गंजाचं पाणी उडालं."

आत्याच्या मराठीत गंज म्हणजे उभट भांडं. ती भाजल्यावर लावायला तूप आणायला उठली. "कारखान्यात भात शिजवता का रे?"

मुलीनं विचारलं, "काका, गंज मतलब जंग ना? जंग छुड़ाने का पानी?"

"गंज म्हणजे भांडं," आत्या म्हणाली. "आणि मराठीत बोल."

"जंगच गं," भाऊ म्हणाला. "पण आत हाड ठणकतंय."

मुलीनं त्याला ओढत नळाखाली नेलं आणि फोरमनला फोन करून डब्यावरचं नाव वाचायला लावलं. हायड्रोफ्लोरिक आम्ल.

गाडीत तिनं मला समजावलं. हे आम्ल कातडीवर फारसं दिसत नाही. आत शिरून रक्तातलं कॅल्शियम बांधून टाकतं, पेशींतलं पोटॅशियम रक्तात उतरतं, आणि ते फार चढलं तर हृदय बंद पडू शकतं. मागच्या सीटवर भाऊ सांगत होता, एवढ्याशा डागासाठी दवाखाना कशाला.

ती काम करते त्याच इस्पितळात नेलं. पोटॅशियम चढलेलंच होतं, हृदयाच्या आलेखाची टोकंही उंच झाली होती. कॅल्शियम सुरू झालं. ती मॉनिटरसमोरून हलली नाही. टोकं खाली आली तेव्हा तिनं पहिल्यांदा पाणी मागितलं.

दुसऱ्या दिवशी आत्या रिवाजाप्रमाणे शहाळ्याचं पाणी घेऊन हजर.

"आत्याआजी, ये नहीं. यात पोटॅशियम असतं."

"त्याला मराठीत काय म्हणतात?"

"पालाश."

आत्याला तो शब्द ठाऊक नव्हता. मलाही नव्हता. खताच्या पोत्यावर वाचला होता म्हणे मुलीनं.

"मग हे कोण पिणार?" आत्यानं विचारलं.

मी प्यालो. तोंडावर कौतुक करायची आमच्याकडे पद्धत नाही, आणि तोंड भरलेलं असलं की बरं पडतं. भाऊ पलंगावरून म्हणाला, "गंजात ओतून घे, दादा."

धारला परतल्यावर आत्या शेजारणींना सांगते, नातीची मराठी चांगली आहे, फक्त ती हिंदीत बोलते.