हानाच्या आईचा कडू घास

हाना गेली.

सकाळी तिच्या मुलीचा मेसेज आला. आईला वाचून दाखवला. आई उठली आणि गॅसचा रेग्युलेटर बंद केला.

माझ्या बायकोला म्हणाली, "आज चहा बी न्हाई."

हानाला न ओळखणाऱ्या मित्रांसाठी सांगतो.

हाना हॉलंडची नर्स. नव्वदच्या दशकाच्या शेवटी व्हॉलंटिअर म्हणून आमच्या गावी, आळ्याला आली आणि आमच्या पुढच्या खोलीत राहिली. मी तेव्हा आळेफाट्यावर जीप चालवायचो.

आणखी दोघं होती. आणे गावच्या पठारावर ब्राझीलची रोझा, पाण्याच्या कामावर. भीमाशंकरच्या बाजूला आश्रमशाळेत जपानचा केंजी, पोरांना शिकवायला. रविवारी तिघं फाट्यावर मिसळ खायला जमायची.

आता गंमत बघा. केंजीचं इंग्लिश कच्चं, रोझाचं त्याहून कच्चं. मग तीन देशांची ही माणसं एकमेकांशी बोलायची कशात?

आपल्या मराठीत.

"रोझा, लई वाळली गं तू."

"काय करू केंजीभाऊ, पठारावर प्यायलाच पाणी न्हाई."

हॉटेलातली गिऱ्हाइकं पाव हातात धरून बघत बसायची. मीही त्यातलाच.

मग एका दुपारी एसटीडी बूथवर हानासाठी फोन आला. तिची आई गेली होती. इकडे निरोप पोचेपर्यंत तिकडे दफनही उरकलेलं.

हाना खोलीत जाऊन बसली. रडली नाही, पाण्यालाही शिवली नाही. बॅग मात्र भरून दाराशी ठेवली. इथं आता आपलं कोण, असंच तिच्या तोंडावर दिसत होतं.

आईनं चूल विझवली.

मी म्हणालो, "अगं, आपल्यातलं कुठं कोण गेलंय?"

"लेक आपल्या घरात हाये ना? मग दुखवटा बी आपल्याच घरात."

आमच्याकडची रीत अशी, की दुखवट्याच्या घरात चूल पेटत नाही. बाहेरून आपल्या माणसांनी पिठलं-भाकरी आणायची, कडुलिंबाचं पान चावायला द्यायचं आणि दोन घास बळंच भरवायचे. याला म्हणतात कडू घास. तो आल्याशिवाय घरात कुणी जेवत नाही.

पण हानाला घास आणणार कोण? शेजारी तर पार गोंधळले. आम्हाला सुतक आहे की नाही हेच त्यांना कळेना.

मी जीप काढली. आण्याला जाऊन रोझाला सांगितलं. केंजीच्या शाळेत फोन नव्हता, म्हणून भीमाशंकरच्या एसटीच्या कंडक्टरजवळ निरोप दिला.

रोझानं एवढंच विचारलं, "असं झालं तर तुमच्यात काय करत्यात?"

मी सगळं सांगितलं. पोटात कावळे ओरडत होते, त्यामुळे पिठलं-भाकरीचं जरा जास्तच सविस्तर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं दारात हजर. रोझाच्या डोक्यावर पिठलं-भाकरीची टोपली. केंजीच्या हातात कडुलिंबाची डहाळी. त्याच्या शाळेतल्या गुरुजींचे वडील वारले, तेव्हा त्यानं सगळं बघून ठेवलं होतं.

आई बाजूला झाली. म्हणाली, "तुमीच भरवा. तुमी तिची माणसं."

केंजीनं स्वतः थापलेली भाकरी मोडायला घेतली. ती मोडेना, म्हणून दोन्ही हातांनी ओढून तोडली. हानासमोर मांडी घालून बसला.

"हाना, भाकर लई वाईट झालीये. पण खा. आमी हाये."

हाना हसली. आणि हसता हसताच रडायला लागली. रोझानं तिला जवळ घेतलं. बऱ्याच वेळानं हानानं तोंड उघडलं, घास खाल्ला आणि म्हणाली, "न्हाई रे. चांगली हाये."

मी दारात उभा होतो.

तीन मुलखांतली तीन माणसं, कुणाचं कुणाशी नातं नाही, आणि माझ्या आजीच्या तोंडची भाषा बोलत एकमेकांना सावरतायत. आपल्या रीतीत एवढी जागा असते हे मला तोवर माहीतच नव्हतं. आजही आठवलं की थक्क व्हायला होतं.

संध्याकाळी ती बॅग आईनंच उचलून माळ्यावर टाकली. हाना पुढे कित्येक वर्षं राहिली.

मग एकेक करत तिघंही आपापल्या देशी गेली. फोन चालू राहिले, तेही मराठीतच.

हे लिहीत होतो, तेवढ्यात केंजीचा व्हॉइस मेसेज आला. मागे एअरपोर्टचा गलका.

"भाऊ, मी निघालो. रोझा बी येती. हानाच्या पोरीला घास न्यायचाय. पीठ घेतलंय सोबत."

आईनं तो दोनदा ऐकला. डोळे पुसले.

"त्याला म्हणावं, पाणी कढत घे. मागच्या वेळी तिथंच चुकलं व्हतं."

हाना, तुझी माणसं वाटेत आहेत. घास पोचतोय.

आळ्याच्या आपल्या घराचा तुला शेवटचा रामराम.