लूम बंद हाय ना?

कोरोनात आमच्या भिवंडीतल्या टेमघरच्या गल्लीत रोज भोंग्याची रिक्षा यायची. "सुरक्षित अंतर राखा," अशी टेप वाजायची. माझा नवरा कापडाच्या लूमवर राबून छातीने अधू झालेला, तरी ओट्यावर दोस्ताच्या कानाला तोंड लावूनच बोलायचा. लूमच्या खडखडाटात लागलेली सवय. माझं ऐकेना.

एक दिवस रिक्षातल्या बाईने टेप बंद केली, मास्क वर ओढला आणि माईकवर ओरडली, "ओ चाचा, ओ बाबा! लूम बंद हाय ना? मग कानात कशाला घुसता? लांबून बोला, सुनाई देगा!"

गल्ली हसली. नवरा ओट्याच्या दुसऱ्या टोकाला सरकला.

तिचा चेहरा मी कधी पाहिला नाही. नवरा अजून लांबूनच ओरडतो. शेजारी कुरकुरतात. मी सांगते, ओरडू दे, रिक्षातल्या आमच्या भिवंडीच्या बाईने शिकवलंय.