वाकळीतला लॅपटॉप

मी काही लेखक नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि माझं लिहिणं आजवर उत्तरपत्रिकेपलीकडे गेलेलं नाही. एका यंत्राविषयी लिहायला बसलो हे जरा जास्तच झालं. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. पण त्या दिवसांतली धास्ती अजून मनातून गेलेली नाही, म्हणून लिहितो.

सिरसाळ्यात आमचं किराणा दुकान, मागच्या अंगाला घर. मी बीडला कॉम्प्युटर सायन्सच्या शेवटच्या वर्षाला होतो. दिवाळीच्या सुट्टीत अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, औरंगाबादहून लॅपटॉप आणला. तिथं मांडलेल्यांतला सगळ्यात मोठ्या पडद्याचा. मी पुस्तक नाकाशी धरून वाचतो हे त्यांच्या लक्षात आलं होतं. "अक्षरं मोठी दिसली पायजेत," एवढंच ते म्हणाले.

खोकं उघडलं तेव्हा आनंदाआधी भीतीच वाटली. काळं, चकचकीत, मांडीवर घेतलं तर दोन्ही गुडघ्यांच्या बाहेर जाणारं. बंद पडद्यात माझा चेहरा दिसला आणि मागे दारात उभी असलेली आई. उजवीकडे आकड्यांची बटणं वेगळी होती, दुकानातल्या कॅल्क्युलेटरसारखी; तेवढाच भाग ओळखीचा वाटला. चालू केल्यावर भिंतीवर निळा उजेड पडला आणि कडेच्या जाळीतून गरम वारा यायला लागला. मी हात मागे घेतला.

दुकानात नवा तराजू आला की अण्णा त्यावर भस्माचे तीन पट्टे ओढतात. तसेच त्यांनी झाकणावर ओढले. भुकटी आत जाईल म्हणून मी श्वास रोखून बघत राहिलो.

शेजारचे काका डोकावले. "नवा टीव्ही आणला का बे?"

"टीव्हीच हाय," अण्णा म्हणाले. "ह्यात आमचं पोरगं दिसणार हाय फक्त."

सुट्टी संपल्यावर कॉलेजात प्रोजेक्ट दाखवायचा होता. एका दुपारी लाइट आली, तसा मी लॅपटॉप चार्जिंगला लावला, प्रोजेक्ट पडद्यावर तसाच चालू ठेवला आणि अण्णांना जेवायला सोडायला दुकानात जाऊन बसलो. परत आलो तर बाजेवर जुन्या लुगड्यांची वाकळ गुंडाळलेली, आणि तिच्यातून वायर बाहेर आलेली. हात लावला तर वाकळ तापलेली. उलगडली. पडदा काळा. बटण दाबलं, पुन्हा दाबलं. काही नाही.

"रस्त्यानं कापसाच्या गाड्या चालल्यात, धूळ लई," आई म्हणाली. "शिलाई मशीन मी अशीच झाकती की." मग माझ्या तोंडाकडे बघून तिनं हळू विचारलं, "मेलं का रं ते?"

मी वायर काढून परत खुपसली.

"अण्णायला सांगू नको," ती म्हणाली. आमच्या एका चुलतीच्या हातून लग्नातला रेडिओ पडला होता. ती वारून वर्षं झाली, तरी भावकीत तिचं नाव 'रेडिओ फोडलेली'च. आईच्या मनात तेच असणार, कारण माझ्याही मनात तेच आलं.

कॉलेजात काम आहे असं अण्णांना सांगून मी दुसऱ्या दिवशी बीडची एसटी धरली. कुठल्याच पिशवीत तो मावत नव्हता, म्हणून त्याच वाकळीत. वाटेत वडवणीला बाजार होता. एक गृहस्थ मिरच्यांचं गाठोडं माझ्या मांडीवर टेकवायला लागले.

"ठेवू नका इथं."

"कावून? काचंचं हाय का?"

"काचेचंच आहे," मी म्हणालो. ते पुढं अर्धा रस्ता माझ्याकडे संशयानं बघत होते.

बीडच्या दुरुस्तीवाल्यानं झाकण उघडून मिटलं. "ठेवून जा. बघतो. आताच सांगता येत न्हाई." घरात फोन एकच, दुकानातला. तोच नंबर दिला आणि मलाच बोलवा असं बजावलं. त्यानंतर दुकानात फोन वाजला की मी अण्णांच्या आधी उचलायला धावायचो, आणि आत आईची भाकरी परातीत तशीच राहायची. ती नीट जेवत नव्हती. अण्णांनी लॅपटॉप कुठंय असं एकदाही विचारलं नाही, त्यानं तर जास्तच भीती वाटायची.

एक दिवस मी गिरणीवरून दळण घेऊन आलो, तर अण्णा भर गिऱ्हाइकात दुकान सोडून चुलीपाशी उभे. आई खाली मान घालून बसलेली.

"बीडहून फोन आलता," अण्णा म्हणाले.

डोक्यावरचा डबा खाली ठेवायचं मला सुचलं नाही.

"पंख्यात सूत गुतलं होतं म्हणे. काढलं. चालू झालंय." मग ते आईकडे वळले. "आन् वाकळ घालू नका म्हणला. मशीनला उकडतंय."