अप्पांच्या खोलीतला एक टन

अप्पा गेले ते मे महिन्यात, पहाटे, दुबलगुंडीच्या घरी. उन्हाळा सोडून जायला त्यांना वर्षाचे बाकीचे महिने मोकळे होते, पण दुसऱ्याच्या सोयीने त्यांनी आयुष्यात काही केलं नव्हतं.

आमच्यात मेलेल्या माणसाला आडवं ठेवत नाहीत. अंघोळ घालून, विभूती लावून, भिंतीला टेकवून मांडी घालून बसवतात, आणि तसंच बसलेलं मातीत ठेवतात. अप्पांच्या थोरल्या बहिणीने, म्हणजे सगळ्यांच्या अक्काने, तासाभरात त्यांना बसवलं आणि डोकं पुढे पडू नये म्हणून कपाळावरून पट्टी घेऊन मागच्या खुंटीला बांधली. आता ते त्यांच्या शाळेतल्या शिक्षकांच्या बैठकीत बसल्यासारखे दिसत होते. तिथेही ते असेच डोळे मिटून बसत.

माझी बहीण बेंगळुरूहून गाडीने निघाली होती. संध्याकाळी सहाच्या आधी पोचणं शक्य नव्हतं. फोनवर ती एवढंच म्हणाली, "अण्णा, अप्पाला मी बसलेलं बघणाराव. तोवर संभाळ."

हुमनाबादहून थंड ठेवणारी शवपेटी मागवू, असं एका शेजाऱ्याने सुचवलं. अक्काने त्याला पेटीची लांबी विचारली आणि उंची विचारली. बसवलेल्या अप्पांकडे बघून त्याने फोन खिशात ठेवला.

मग मला एसी आठवला. मागल्या वर्षी अप्पांच्या खोलीत मीच बसवला होता, एक टनाचा. त्यांनी तो एक दिवसही चालू दिला नाही. येणाऱ्या प्रत्येकाला विचारायचे, "पोरानं एक टन आणलाय म्हणे. तुला कुठं दिसायलाय का?" मी सांगायचो, टन म्हणजे वजन नव्हे, एक टन बर्फ दिवसभरात वितळताना जेवढी उष्णता ओढून घेतो, तेवढी हे यंत्र काढतं. ते म्हणायचे, मग बर्फच आणायचा होतास, दिसला तरी असता.

तो चालू करायच्या आतच, अकरा वाजता, गावातला ट्रान्सफॉर्मर जळून वीज गेली. मंडपवाला लग्नातला जनरेटर घेऊन आला. त्यावर दोन हजार वॅट लिहिलेलं. मी बसवकल्याणच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. अशा वेळी रडायचं की गणित करायचं, यातलं मला दुसरंच येतं. एसीच्या बाहेरच्या डब्यावरची चिठ्ठी वाचली: ताशी बारा हजार बीटीयू उष्णता. एका वॅटला ताशी तीन पॉइंट चार एक बीटीयू. कॅलेंडरच्या पाठीवर भागाकार केला. साडेतीन हजार वॅट. मी जाहीर केलं, जनरेटर जळेल, कोणी हात लावायचा नाही.

मंडपवाला म्हणाला, जनवाड्याच्या लग्नात नवरीच्या खोलीतला असाच एसी यानेच चालवला होता. मी त्याला, वर्गात समजावतो त्या आवाजात, एकक म्हणजे काय ते सांगितलं. यात पाऊण तास गेला. आत खोली तापत होती, माशा येऊ लागल्या होत्या. अक्का पदराने वारा घालत होती.

"कामून थांबलाव रे?" तिने आतून विचारलं. "तुझं गणित सुटंस्तोवर ह्यो असा ऱ्हायचा न्हाई."

मंडपवाला माझ्या कागदाकडे बघत होता. हळूच म्हणाला, "सर, तुमच्या हिरीवरची मोटर पाणी तयार करती का?"

"नाही. उचलते."

"मग ही पेटी थंडी तयार करती का?"

मी चिठ्ठीकडे परत गेलो. बारा हजाराच्या खाली, धुळीत, आणखी एक ओळ होती. मी ती बोटाने पुसली. वीज लागते: एक हजार पन्नास वॅट. एसी उष्णता फक्त उचलून बाहेर टाकतो. जेवढी टाकतो तेवढी वीज त्याला लागत नाही. हे मी दरवर्षी फळ्यावर लिहितो. माझा भागाकार अगदी बरोबर होता, फक्त तो त्या जनरेटरला विचारायचा प्रश्नच नव्हता.

जनरेटर फटफटत सुरू झाला आणि एसीचा पंखा फिरला. मी अठरावर लावला. हळूहळू माशा गेल्या. अप्पांच्या कपाळावरची विभूती संध्याकाळपर्यंत कोरडी, पांढरी राहिली. मंडपवाल्याने माझ्याकडे एकदाही विजयाने बघितलं नाही, त्याचा मला जास्त त्रास झाला.

सव्वासहाला बहीण आली. अप्पांच्या समोर, त्यांच्यासारखीच मांडी घालून बसली. बराच वेळ बघत राहिली. मग त्यांच्या हाताला हात लावला आणि दचकून माझ्याकडे वळली.

"किती गार पडलेत. बंद कर की अण्णा. त्यांना आवडत न्हवतं ते."

बाहेर लोक उठू लागले होते. दिवस मावळायच्या आत निघायचं होतं. मी रिमोट उचलला आणि अप्पांचा टन बंद केला.