सोडली आणि सोडून दिली

माझं शिक्षण चौथीपर्यंत. सही येते, पाटी वाचता येते, पण सरकारी कागद समोर आला की डोकं बंद पडतं. आमच्या घरात कागद वाचायचं काम बायकोचं. ती सातवी पास. ओळीखाली बोट ठेवून मोठ्याने वाचायची, आणि शेवटची ओळ होईपर्यंत मला पेन द्यायची नाही. तिच्या स्वतःच्या ऑपरेशनचा कागदही तिनेच मला वाचून दाखवला, खाटेवर बसून. मग मी सही केली. त्या ऑपरेशनातून ती परत आली नाही. तेव्हापासून कुणी पेन पुढे केलं की माझा हात आखडतो.

तिच्यानंतर चार महिन्यांनी पोलीस ठाण्यातून फोन आला. मी द्रोणागिरीला बंदराजवळच्या एका कंटेनर यार्डात दिवसपाळीचा वॉचमन होतो. तिथून एक भरलेला ट्रेलर खोट्या गेटपासवर बाहेर गेला होता. गेटवर मी होतो. पास बघितला, शिक्का बघितला, गाडी सोडली. आमच्या कामात असंच बोलतात. गाडी घेतली, गाडी सोडली.

ठाण्यात हवालदाराने चहा मागवला तेव्हाच मला खटकलं. वॉचमनला कोण चहा पाजतो? त्याने विचारलं, मी सांगितलं, तो लिहीत गेला. मी दोन वाक्यं बोललो तर तो पाच ओळी लिहायचा. शेवटी कागद फिरवून त्याने पेन पुढे केलं. म्हणाला, करा सही, तुमचंच बोलणं आहे.

मी म्हटलं, चष्मा नाय आणला.

"खिशात आहे की, आजोबा."

"तो बायकोचा हाय."

"मग बायकोला बोलवा, ती वाचेल."

मी उठलो. उद्या येतो म्हटलं आणि बाहेर पडलो. तिचा चष्मा मी का बाळगतो ते त्याला सांगायची गरज नव्हती.

कामोठ्याला दिलेली माझी मुलगी म्हणाली, पनवेलच्या कोर्टात फुकट वकील देतात. फुकट म्हटल्यावर मला आणखी संशय. आमच्या गावात फुकट जेवण घालणाऱ्यांनीच जमिनी घेतल्या. तरी गेलो. वकीलबाई मुलीपेक्षा लहान. तिने आधी वकीलपत्रच पुढे केलं, इथे सही करा काका. मी म्हटलं, वाचून दाखव, आणि बोट ठेवून वाच. तिने माझ्याकडे एकदा बघितलं आणि वाचलं. मधली एक ओळ मी मुद्दाम पुन्हा वाचायला लावली. तीच निघाली. मग सही केली. तरी घरी येईपर्यंत मनात होतं, ही ठाण्यातल्यांना सामील तर नसेल?

तिने दोन गोष्टी सांगितल्या. तुमच्यासारख्या साठीवरच्या माणसाला साक्षीसाठी ठाण्यात यायची सक्ती करता येत नाही, विचारायचं तर त्यांनी घरी यावं. आणि सांगायचं ते खरं सांगा, पण ज्याने तुम्हीच गुन्ह्यात अडकाल असं उत्तर द्यायला तुम्ही बांधील नाही. तसा अर्ज तिने ठाण्यात दिला.

आठवड्याने हवालदार आमच्या ओट्यावर आला. वकीलबाईही होती. मी चहा विचारला नाही. बायको असती तर ओरडली असती. वकीलबाईने आधीचा जबाब वाचायला सांगितला. तो भराभरा वाचू लागला, आणि एका जागी मी हात वर केला. त्याने वाचलं होतं, "सदर गाडी मी सोडून दिली."

"ते दिली काढा, नुसतं सोडली लिवा," मी म्हटलं.

"सोडली काय, सोडून दिली काय, एकच ना?"

"एक नाय. सोडली म्हंजे पास बघून. सोडून दिली म्हंजे चोराला. तुमी पकडलेला माणूस सोडलात आणि सोडून दिलात, तुमचा साहेब एकच समजंल काय?"

वकीलबाई खाली बघून हसली. हवालदार हसला नाही. त्या एका शब्दावर मी साक्षीदाराचा आरोपी झालो असतो, हे त्यालाही ठाऊक असणार. त्याने नवा कागद काढला. 'गेटपास व शिक्का पाहून गाडी बाहेर जाऊ दिली' असं लिहिलं, आणि सगळं पहिल्यापासून सावकाश वाचलं. त्यात खोट नव्हती. सवयीने त्याने पेन माझ्यापुढे केलं.

वकीलबाई म्हणाली, "पोलिसांपुढच्या जबाबावर सही घ्यायची नसते, हवालदारसाहेब. कायद्यातच आहे."

मी त्याच्याकडे बघितलं. "मंग त्या दिवशी कशाला मागत होता?"

त्याने कागद फाइलीत घातला, टोपी घातली आणि तो निघून गेला.

केस अजून चालू आहे. माझं नाव साक्षीदारांत आहे, असं वकीलबाई सांगते. ती यादी मी तिच्याकडून दोनदा वाचून घेतली. त्या दिवशी ओट्यावरून जाताना तिने आपला नंबर कागदावर मोठ्या आकड्यांत लिहून दिला. म्हणाली, पुढचं बोलावणं आलं की आधी मला सांगा, एकटे जाऊ नका. तो कागद मी बायकोच्या चष्म्याच्या डबीत ठेवलाय.